दाट पडदा ही चैन नव्हे

संगणकासाठी नवा मॉनिटर घ्यावयाचा झाला म्हणजे केडगाव, चौफुला, यवत, पाटस या दौंड तालुक्यातल्या आमच्या टापूत जो सल्ला न मागताही मिळतो, आणि बहुधा विनातक्रार मान्यही केला जातो, त्याचा मसुदा आता जवळजवळ कायम होऊन बसला आहे. फुल एचडी पडदा कोणत्याही कामाला पुरतो. त्याहून अधिक रिझोल्यूशनचा फरक माणसाच्या डोळ्याला कळतच नाही. टू-के, फोर-के हे सारे गेम खेळणाऱ्या पोरांचे चोचले. गावातले काम म्हणजे दाखले, बिले आणि हिशेब, त्यासाठी एवढा खर्च कशाला. आणि पडदा मोठाच हवा असेल तर घरातला टीव्ही जोडावा, म्हणजे दोन्ही कामे भागतात. हा सल्ला देणारी माणसे हितचिंतक असतात, पैशाची किंमत जाणणारी असतात. आणि ऊस व कांदा यांच्या भावावर ज्यांच्या वर्षाच्या जमाखर्चाचा तोल अवलंबून आहे अशा कुटुंबांत कोणी काटकसरीचा आग्रह धरला, तर तो दोष म्हणता येणार नाही. परंतु हेतू शुद्ध असला म्हणून विधान सत्य ठरत नाही. या सल्ल्यातील एकेक बाब तपासून पाहिली असता मला असे आढळते, की ती एकतर वस्तुस्थितीला सोडून आहे, किंवा रोमन लिपीत काम करणाऱ्याच्या गरजेवरून बेतलेली असून मराठी लिहिणाऱ्या-वाचणाऱ्याला ती मुळीच लागू पडत नाही. माझे प्रतिपादन असे, की मॉनिटर निवडताना पहिला निकष पिक्सेलांच्या दाटीचा असला पाहिजे, वेगाचा विचार त्यानंतर, आणि इतर सर्व गुणांचा त्याच्याही नंतर. आणि हा क्रम मोठ्या शहरातल्या सजलेल्या स्टुडिओपेक्षा केडगावातल्या दाखल्यांच्या केंद्राला, पत्रिका छापणाऱ्याच्या दुकानाला आणि अभ्यास व खेळ एकाच टेबलावर करणाऱ्या विद्यार्थ्याला अधिक लागू आहे.

प्रथम डोळ्याविषयीचा दावा घेऊ, कारण बाकीचे दावे त्याच्याच आधाराने उभे आहेत. हर्मन स्नेलेन या डच नेत्रवैद्याने १८६२ साली दृष्टी मोजण्याचा जो तक्ता प्रसिद्ध केला, आणि ज्याचे वंशज आजही प्रत्येक नेत्रचिकित्सकाच्या भिंतीवर टांगलेले असतात, त्याचे मूळ गणित असे आहे, की निरोगी दृष्टीला, म्हणजे जिला आपण 'सहा-बाय-सहा' म्हणतो तिला, अंशाच्या साठाव्या भागाइतका, म्हणजे एक कोनीय मिनिट भरेल एवढा तपशील वेगळा ओळखता येतो. टेबलाशी बसलेल्या माणसाचे डोळे पडद्यापासून सुमारे ६० सेंटिमीटरवर असतात, आणि त्या अंतरावर एका कोनीय मिनिटाची रुंदी ०.१७ मिलिमीटरच्या किंचित वर भरते. आता पडद्यांची मापे पाहावीत. २४ इंची फुल एचडी पडद्यावर १९२० गुणिले १०८० पिक्सेल असतात, म्हणजे इंचाला ९२, आणि एका पिक्सेलची रुंदी ०.२८ मिलिमीटर, तेच पिक्सेल २७ इंचांवर ताणून बसविले की इंचाला ८२ उरतात आणि पिक्सेल ०.३१ मिलिमीटरचा होतो, म्हणजे डोळ्याच्या भेदक्षमतेच्या जवळजवळ पावणेदोनपट. बाजारात टू-के म्हणून ओळखला जाणारा २५६० गुणिले १४४० पिक्सेलांचा २७ इंची पडदा इंचाला १०९ पिक्सेल देतो आणि त्याचा पिक्सेल ०.२३ मिलिमीटरचा असतो; ३८४० गुणिले २१६० पिक्सेलांचा, म्हणजे फोर-के पडदा त्याच २७ इंचांत इंचाला १६३ पिक्सेल बसवितो आणि त्याचा पिक्सेल ०.१६ मिलिमीटरच्या आत राहतो. म्हणजे या चौघांपैकी केवळ शेवटचाच पडदा डोळ्याच्या मर्यादेच्या पलीकडे जातो, आणि उरलेल्या तिघांवरचे पिक्सेल निरोगी डोळ्याला दिसू शकतात. 'फरक कळत नाही' हे विधान दिवाणखान्यातल्या टीव्हीविषयी, जो आपण दहा फुटांवरून पाहतो, त्याविषयी खरे असेल. हातभर अंतरावरच्या मॉनिटरला ते लावणे म्हणजे एका मुकदम्यातला पुरावा दुसऱ्या मुकदम्यात दाखल करणे होय. याच गणिताच्या आधाराने मी हेही मान्य करतो, की याच्या पुढच्या फाइव्ह-के किंवा एट-के पडद्यांचा आग्रह सामान्य माणसाने धरण्याचे कारण नाही.

या हिशेबात अजून लिपीची बाब मिळवावयाची राहिली आहे, आणि आपल्या बाजूची सर्वांत वजनदार साक्ष तीच आहे. संगणकाच्या नेहमीच्या मापाने, म्हणजे इंचाला ९६ पिक्सेल धरून, बारा पॉइंटाच्या अक्षराच्या वाट्याला उभ्या दिशेने पिक्सेलांच्या अवघ्या सोळा ओळी येतात. रोमन लिपीतले बहुतेक शब्द या सोळा ओळींत सुखाने नांदतात, कारण त्या अक्षरांवर वर किंवा खाली चढणारी चिन्हे क्वचितच असतात. मराठीची स्थिती निराळी आहे. शिरोरेषेच्या वर वेलांटीचा वळसा, मात्रा, रफार आणि अनुस्वार. शिरोरेषेखाली अक्षराचा देह. आणि त्याच्याही खाली उकार, ऋकार आणि जोडाक्षराचा खालचा अर्धा भाग, असे तीन मजले त्याच सोळा ओळींत बांधावे लागतात. 'कार्यकर्त्यांना' या नित्याच्या शब्दात एकाच जोडाक्षराच्या डोक्यावर रफार आणि अनुस्वार दोन्ही शेजारी शेजारी बसतात. 'राष्ट्र', 'उद्धृत', 'हृदय', 'द्वंद्व' यांत जोडणी खालच्या अंगाने उतरते. इंचाला ८२ किंवा ९२ पिक्सेलांच्या पडद्यावर यांतले काहीतरी कोणत्या तरी पिक्सेलला बळी जाणे अपरिहार्य असते: रफार आणि अनुस्वार यांचा एकच ठिपका होतो, ऋकार आणि उकार एकमेकांसारखे दिसतात, आणि ध व घ, भ व म यांतला भेद, जो शिरोरेषेतल्या एका लहानशा फटीवर आणि गाठीवर अवलंबून आहे, तो त्या फटीसह नाहीसा होतो.

यावर तंत्र जाणणारा प्रतिपक्षी म्हणेल, की अक्षरे गुळगुळीत दिसावीत अशी व्यवस्था विंडोजमध्ये केव्हाच झालेली आहे. ती झाली आहे हे खरे. परंतु तिचा स्वभाव पाहिला पाहिजे. क्लिअरटाइप या नावाची जी युक्ती मायक्रोसॉफ्टने १९९८ साली जाहीर केली, तिचे तत्त्व असे, की प्रत्येक पिक्सेल हा लाल, हिरवा आणि निळा अशा तीन पट्ट्यांचा बनलेला असल्यामुळे त्या पट्ट्या स्वतंत्रपणे वापरल्या, तर अक्षराची कड तिप्पट बारकाईने रेखता येते. परंतु या पट्ट्या आडव्या दिशेने एकीशेजारी एक अशा मांडलेल्या असतात, आणि म्हणून ही तिप्पट बारकाई आडव्या दिशेलाच मिळते. रोमन अक्षरांतील भेद बव्हंशी आडव्या दिशेला, उभ्या दांड्यांच्या जाडीत आणि अंतरात, असल्यामुळे तिचा लाभ त्यांना भरपूर झाला. आपली गर्दी उभ्या दिशेला आहे, आणि त्या दिशेला या युक्तीपासून मिळणारे साहाय्य अगदीच तोकडे. सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी घडविलेला 'मंगल' हा फॉन्ट विंडोज २००० पासून घरोघरी पोहोचला आणि कोट्यवधी मराठी दस्तऐवज त्यात लिहिले गेले. परंतु अक्षर घडविणाऱ्याने कितीही विवेक दाखविला, तरी सोळा ओळींच्या सतरा करणे त्याच्या हाती नव्हते. ते काम पडद्याचे आहे. २७ इंची फोर-के पडद्यावर विंडोजचे स्केलिंग १७५ टक्के ठेवले असता बारा पॉइंटाचे अक्षर २४ इंची फुल एचडीवर जेवढे मोठे दिसते जवळजवळ तेवढेच मोठे दिसते. मात्र त्याला सोळांऐवजी अठ्ठावीस ओळी मिळतात, आणि क्षेत्राच्या हिशेबाने तिप्पट पिक्सेल. चाळिशी उलटलेल्या, चष्मा लावून काम करणाऱ्या कारकुनाला अक्षर मोठे हवे असते आणि मोठे करताना ते विस्कटू नये अशीही त्याची अपेक्षा असते. त्याच्यासाठी यापरता सरळ उपाय दुसरा नाही.

अक्षराविषयीचा हा आग्रह केडगावात परका मानला जाऊ नये, असे मी विशेष जोर देऊन म्हणतो. पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात निराधार झालेल्या मुलींना आणून येथल्या माळावर मुक्ती मिशन उभारले, त्या आवारात एक छापखानाही होता, आणि त्यात खिळे जुळविण्यापासून पुस्तकाच्या बांधणीपर्यंतची कामे तेथील स्त्रिया आणि मुली करीत असत. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक या मूळ भाषांचा अभ्यास करून बायबलाचे मराठी भाषांतर केले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या निवर्तल्या, आणि संपूर्ण ग्रंथ याच छापखान्यातून बाहेर पडावयास १९२४ साल उजाडले. देवनागरीच्या केसमध्ये शेकडो निरनिराळे खिळे असत. प्रत्येक जोडाक्षरासाठी, प्रत्येक मात्रेसाठी योग्य घर शोधून ते उलट्या प्रतिमेत बसवावे लागे, आणि एक अनुस्वार हुकला तर मुद्रित तपासताना पान पुन्हा सोडावे लागे. ज्यांनी काही वर्षांपूर्वीपर्यंत अक्षर पाहिलेलेही नव्हते अशा मुलींच्या हातून हा संपूर्ण मराठी ग्रंथ या गावात अक्षर अक्षर जुळवून निघाला. त्याच गावाने, शंभर वर्षांनंतर, 'अनुस्वार नीट नाही दिसला तर काय बिघडले' असे म्हणावे, हे मला गावाच्या वारशाशी विसंगत वाटते.

आणि बिघडते काय, याचेही उत्तर हिशेबाने देता येते. 'गावातले काम म्हणजे दाखले आणि बिले' हे विधान प्रतिपक्षाने आपल्या बाजूने पुढे केले असले, तरी ते वस्तुतः त्याच्याच विरुद्ध साक्ष देते. १ मे २०१८ पासून महाराष्ट्रात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. २०२१ पासून ई-पीक पाहणी सुरू झाली. फेरफार, खाते उतारा, पीकविमा, जातीचे व उत्पन्नाचे दाखले, शिष्यवृत्तीचे अर्ज, हे सारे महसुलाचे दप्तर आता कागदाच्या आधी पडद्यावर वाचले जाते, आणि चूक पकडण्याची पहिली, पुष्कळदा शेवटची, संधी तेथेच असते. धुमाळचे घुमाळ किंवा भोसलेचे मोसले झाले, गट क्रमांकातला एकचा आकडा नऊचा वाचला गेला, तर ती चूक दुरुस्त करण्यासाठी महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १५५ खाली तहसीलदाराकडे अर्ज करावा लागतो, दौंडला खेपा घालाव्या लागतात, आणि तोपर्यंत कर्ज, अनुदान किंवा खरेदीखत अडून राहते. मी असे म्हणत नाही की अशा सर्व चुका पडद्याच्या विरळपणामुळे होतात. परंतु ज्या कामात एका काना-मात्रेने माणसाच्या हक्काचा प्रश्न उभा राहतो, त्या कामाला सर्वांत हलका पडदा पुरतो असे म्हणणे हे त्या कामाची योग्यता न जाणण्यासारखे आहे. जो कागद छापून हाती येतो तो साधारण प्रिंटरवरही इंचाला ६०० ठिपक्यांनी छापला जातो. आणि तो छापण्यापूर्वी ज्यावर आपण तपासतो तो पडदा इंचाला ९२ चा असावा, ही विषमता तरी आपल्याला खटकावयास हवी.

याच प्रकरणात नकाशांचाही उल्लेख केला पाहिजे. गावठाणांच्या ड्रोनमोजणीचा पथदर्शी प्रयोग शेजारच्या पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावी झाला, आणि पुढे एप्रिल २०२० मध्ये स्वामित्व या नावाने ती योजना सुरू झाली व नंतर देशभर पसरली. आपल्या घराची हद्द, शेजाऱ्याची भिंत, मधला बोळ हे सारे आता उंचावरून घेतलेल्या छायाचित्रावर रेखलेले असते. फुल एचडी पडदा एका वेळी सुमारे २० लाख ७४ हजार पिक्सेल दाखवितो, फोर-के पडदा सुमारे ८२ लाख ९४ हजार, म्हणजे बरोबर चौपट. तेव्हा तोच नकाशा पाहताना एकावर सतत जवळ जावे आणि लांब यावे लागते, तर दुसऱ्यावर हद्द आणि तिचा परिसर एकत्र दिसतो. व्यापाऱ्याचा हिशेबाचा तक्ता, उपबाजारातल्या कांद्याच्या पट्ट्या, लग्नपत्रिकेचा मसुदा आणि शेजारी ग्राहकाने धाडलेला मजकूर, विद्यार्थ्याचा प्रोग्राम आणि शेजारी त्याचे पाठ्यपुस्तक, या सर्वांत दोन खिडक्या शेजारी शेजारी उघड्या ठेवण्याची सोय हीच कामाची खरी बचत असते, आणि ती सोय पिक्सेल देतात. नुसते इंच देत नाहीत.

आता 'गेमचे चोचले' या आक्षेपाकडे वळू. वडीलधाऱ्यांच्या मनात गेम आणि जुगार यांची जी गल्लत झाली आहे तिला कारणे होती. मोबाइलवर पैसे लावून खेळविल्या जाणाऱ्या प्रकारांनी कित्येक घरांचे नुकसान केले हे कोणी नाकारू शकत नाही. परंतु संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये संमत केलेल्या ऑनलाइन गेमिंगच्या कायद्याने नेमका हाच भेद केला: पैशाचे खेळ त्याने निषिद्ध ठरविले आणि ई-स्पोर्ट्सला मान्यता दिली. त्याआधी डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने ई-स्पोर्ट्सचा विषय युवक व क्रीडा मंत्रालयाकडे सोपविला होता, आणि २०२३ साली हांगझोऊ येथे भरलेल्या आशियाई क्रीडास्पर्धांत या खेळांना पदके ठेवलेली होती. दिवसभराचा अभ्यास किंवा काम आटोपून मुलाने तासभर मोटारींची शर्यत खेळली, तर मैदानावरच्या तासाइतकी तिची योग्यता कोणी मानो वा न मानो, त्या तासाची जुगारात गणना करण्याचा अधिकार आता कायद्यानेही कोणाला ठेवलेला नाही. म्हणून पडदा घेताना खेळाचा विचार करणे यात लाजण्यासारखे काही नाही. प्रश्न एवढाच, की तो विचार कोणत्या क्रमाने करावा.

आणि येथे मला दुसऱ्या, याच्या अगदी उलट टोकाच्या प्रतिपक्षाशीही वाद घालावा लागतो. हा पक्ष तरुण खेळाडूंचा आणि त्यांना माल विकणाऱ्यांचा आहे, आणि त्याचे म्हणणे असे, की रिझोल्यूशन गौण, हर्ट्झ मुख्य. १६५, २४०, ३६० असे आकडे खोक्यावर असले म्हणजे पडदा उत्तम. हर्ट्झ म्हणजे एका सेकंदात पडदा किती वेळा नवे चित्र रेखतो ती संख्या. ६० हर्ट्झवर दोन चित्रांमध्ये १६.७ मिलिसेकंद जातात, १४४ वर ६.९, हा फरक मोठा आहे, वेगवान नेमबाजीच्या खेळात तो हाताला जाणवतो, आणि मी तो मुळीच क्षुल्लक ठरवीत नाही. परंतु १४४ वरून २४० वर गेल्याने मिळतात ते केवळ २.८ मिलिसेकंद, म्हणजे पहिल्या उडीत जेवढे पदरी पडले त्याच्या चौथ्या हिश्श्याहून थोडेच अधिक. शिवाय तेवढी चित्रे दर सेकंदाला तयार करण्याची ताकद ग्राफिक्स कार्डात नसेल, तर खोक्यावरचा आकडा निव्वळ कागदोपत्री राहतो. दिवसाचे आठ तास अक्षर वाचणाऱ्याने संध्याकाळच्या एका तासासाठी २७ इंचांचा, पण फुल एचडीचाच, वेगवान पडदा घ्यावा, हा सौदा माझ्या मते सर्वांत तोट्याचा. आणि दुर्दैवाने हाच सौदा आकर्षक खोक्यात भरून सर्वांत अधिक पुढे केला जातो.

यावर सांगितले जाते, की फोर-के पडदा घेतला तर गेम चालणारच नाही, कारण तेवढे पिक्सेल भरण्यास महागडे कार्ड लागते. यातला अर्धा भाग खरा आहे. फोर-केमध्ये फुल एचडीच्या चौपट पिक्सेल रंगवावे लागतात आणि साधारण कार्ड त्या भाराखाली वाकते. परंतु पडदा फोर-के असला म्हणून गेमही फोर-केमध्येच खेळला पाहिजे असा कोणाचा हुकूम नाही. ३८४० ही १९२० ची आणि २१६० ही १०८० ची बरोबर दुप्पट असल्यामुळे, फुल एचडीचे चित्र फोर-के पडद्यावर दाखविताना एकेका पिक्सेलच्या जागी चार-चार पिक्सेलांचा नेमका चौकोन बसविता येतो. एनव्हिडियाच्या डीएलएसएस आणि एएमडीच्या एफएसआर या पद्धतींत गेम कमी पिक्सेलांत रेखून नंतर त्याचे मोठे चित्र घडविले जाते, आणि कार्डावरचा भार पुष्कळ हलका होतो. इतकेच नव्हे, तर २०२४ पासून असेही मॉनिटर निघाले आहेत, की जे एका बटणासरशी फोर-केवरून फुल एचडीवर उतरतात आणि त्या बदल्यात आपला वेग दुप्पट करतात. याचे तात्पर्य असे, की दाट पडदा प्रसंगी विरळ होऊ शकतो, परंतु विरळ पडदा कधीही, कोणत्याही उपायाने, दाट होऊ शकत नाही. काम आणि खेळ अशी दोन्ही ओझी ज्याच्यावर टाकावयाची त्या जिनसाची निवड करताना, ज्याच्यात मागे सरण्याची सोय आहे तोच घ्यावा, हे व्यवहारचातुर्य आहे. त्याला उधळपट्टी म्हणणे अन्यायाचे आहे.

टीव्हीचा पर्याय मात्र फार शब्द खर्चण्याच्या योग्यतेचा नाही. आपल्याकडे घरोघरी असलेला ३२ इंची 'एचडी रेडी' टीव्ही १३६६ गुणिले ७६८ पिक्सेलांचा असतो, म्हणजे इंचाला अवघे ४९. ४३ इंची फोर-के टीव्हीदेखील इंचाला १०२ च्या वर जात नाही. शिवाय बरेचसे टीव्ही रंगाची माहिती उजेडाच्या माहितीपेक्षा कमी बारकाईने घेतात, आणि त्यामुळे रंगीत पार्श्वभूमीवरचे बारीक अक्षर पुसट होते. चित्र सुशोभित करण्याच्या त्यांच्या प्रक्रियेत हाताची हालचाल आणि पडद्यावरची हालचाल यांत विलंबही पडतो. म्हणजे लेखनाला तो अयोग्य आणि वेगवान खेळालाही अयोग्य. दोन्ही कामे भागतात असे ज्याच्याविषयी म्हटले जाते, त्याने या टेबलावर एकही काम नीट भागत नाही.

एवढा वाद घातल्यावर माझ्या पक्षातल्या मर्यादाही नमूद करणे न्यायाला धरून होईल. फोर-के पडदा जुन्या संगणकाला जोडताना जोडणी तपासलीच पाहिजे: एचडीएमआय १.४ मधून फोर-के चित्र सेकंदाला तीसच वेळा जाते, आणि त्यावर माउसचा बाणही अडखळत चालतो. ६० हर्ट्झसाठी एचडीएमआय २.० किंवा डिस्प्लेपोर्ट १.२ तरी हवे, आणि त्याला साजेशी केबलही. या अटी पूर्ण झाल्या तर कार्यालयीन कामासाठी वेगळे ग्राफिक्स कार्ड लागत नाही. गेल्या काही वर्षांतल्या सामान्य प्रोसेसरमधले अंगभूत ग्राफिक्स ते काम निभावते. जुन्या बांधणीची काही सॉफ्टवेअरे स्केलिंग वाढविले की धूसर दिसतात, आणि ज्याचा सारा दिवस अशाच एखाद्या सॉफ्टवेअरमध्ये जातो त्याने ते आधी तपासून घ्यावे. ज्याला केवळ स्पर्धेतली नेमबाजी खेळावयाची आहे आणि पडद्यावर मराठीची एक ओळही वाचावयाची नाही, त्याने वेगाला अग्रक्रम दिला तर माझी हरकत नाही. आणि ज्याच्या गाठीला फोर-केइतके पैसे नाहीत त्याने २७ इंची टू-के घ्यावा. तेही जमत नसेल तर २४ इंची फुल एचडी घ्यावा. परंतु २७ इंची फुल एचडी कोणत्याही सबबीवर घेऊ नये, कारण त्यात अधिकचे पैसे मोजून अक्षर अधिक खराब करून घेतले जाते. खर्चाविषयी एवढेच म्हणतो, की संगणकाचा डबा, त्यातले कार्ड, त्यातली डिस्क बदलत जातात आणि मॉनिटर बहुधा त्यांच्यानंतरही टेबलावर टिकून राहतो. तेव्हा त्याची किंमत एका वर्षावर न लावता त्याच्या सर्व मुदतीवर लावली पाहिजे.

पॅनेलविषयीही दोन शब्द हवेत, कारण तेथेही खोक्यावरचे शब्द दिशाभूल करतात. आयपीएस पॅनेल बाजूने पाहिले तरी रंग बदलत नाही आणि अक्षराला स्थिर राहते. व्हीए पॅनेलचा काळा रंग अधिक गडद असतो, परंतु वेगवान खेळात अंधाऱ्या भागात चित्र ओढल्यासारखे दिसण्याचा दोष त्यात आढळतो. ओएलईडीचे चित्र अप्रतिम असते, मात्र दिवसभर एकाच जागी ठाण मांडून बसणाऱ्या टास्कबारचा आणि तक्त्यांच्या रेषांचा डाग त्यावर कायमचा उमटण्याची शक्यता असते, आणि त्यातील रंगपट्ट्यांची मांडणी निराळी असल्यामुळे बारीक अक्षरांच्या कडेला रंगाची झाक येते. 'एचडीआर ४००' हा शिक्का पाहून अधिक पैसे मोजू नयेत, कारण त्या दर्जात पडद्याचा उजेड भागाभागाने कमी-जास्त करण्याची सक्ती नाही. 'एक मिलिसेकंद' हा आकडाही बहुधा विशेष अवस्थेत मोजलेला असतो. आकारही ३२ इंचांच्या पुढे नेण्याचे कारण नाही: ३२ इंची फोर-के इंचाला १३८ पिक्सेल देतो, आणि तेथे आपण डोळ्याच्या मर्यादेच्या काठावर येऊन पोहोचतो.

म्हणून माझा निकाल असा. काम आणि खेळ दोन्ही ज्याला करावयाचे आहेत त्याने २७ इंची, फोर-के, आयपीएस पॅनेलचा, खिडकीचा उजेड चमकू न देणारा मॅट पडदा घ्यावा. पैसा अनुकूल असेल तर १४४ हर्ट्झचा, नसेल तर ६० चा. आणि हर्ट्झ वाढविण्यासाठी पिक्सेल कमी करण्याचा सौदा कधीही करू नये. वाचकांना माझी विनंती एवढीच आहे, की पुण्याच्या तापकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, अथवा चौफुल्याच्या दुकानात, मॉनिटर पाहावयास जाल तेव्हा तेथे लावलेल्या रंगीबेरंगी चित्रफितीवर भाळू नका. आपल्या गावचा सातबारा पेन ड्राइव्हवर घेऊन जा, तो बारा पॉइंटांत पडद्यावर उघडायला लावा, हातभर अंतरावर बसा, आणि प्रत्येक रफार, प्रत्येक अनुस्वार, प्रत्येक उकार स्वतंत्रपणे दिसतो की नाही ते स्वतः पाहा. जो पडदा या परीक्षेला उतरेल त्याचेच पैसे द्या.